कोवळ्या हिरड्या

परत आलेली कवळी वर्तमानपत्राच्या तुकड्यात गुंडाळलेली होती, आणि सोबतच्या चिठ्ठीवर डॉक्टरीणबाईंच्या घाईच्या अक्षरात दोनच ओळी होत्या. 'खालची, डावीकडे आतून टोचतेय. बाई तीन दिवस जेवलेल्या नाहीत.' टोचणारी जागा त्यांनी जांभळ्या पेन्सिलीने दाखवली होती. मसुराच्या दाण्याएवढा ठिपका. त्याने कवळी उलटी करून खिडकीच्या उजेडात धरली, कडेवरून अंगठा फिरवला, आणि ठिपक्यापाशी अंगठा आपोआप थांबला. घासायच्या यंत्राला बारीक टोक लावलं, कडेला चार वेळा टेकवलं, फुंकर मारली, पुन्हा अंगठा फिरवला. झालं. एकोणीस वर्षं कवळ्याच करणाऱ्या माणसाला यात विशेष काही नव्हतं. पण वर्कशॉपमध्ये समोरच्या टेबलावरच्या पॉलिशवाल्याला हाताबरोबर तोंडही चालवायची सवय. तो म्हणाला, "दोन मिनिटांच्या कामासाठी म्हातारीला तीन दिवस उपाशी ठेवलंत की हो! कुठे फेडाल हे पाप?" आणि हसला. कवळीवालाही हसला. हसता हसता त्याच्या लक्षात आलं, की यंत्र बंद करायचं राहिलंय, टोक नुसतंच हवेत फिरतंय, आणि आपण मनातल्या मनात आठ महिन्यांचे दिवस करत बसलोय.

घरी नानांच्या, म्हणजे त्याच्या वडिलांच्या, खालच्या कवळीवर असाच एक उंचवटा होता. उजवीकडे, आतल्या अंगाला. तो त्याच्याच हातून राहिला होता. नानांच्या जबड्याचं हाड त्या जागी सुरीच्या पाठीसारखं वर आलेलं. अशा हाडावर साच्यातच आधी कथलाचा पातळ पत्रा चिकटवायचा असतो, म्हणजे तेवढी जागा मोकळी सुटते आणि कवळी हिरडीला दाबत नाही. शिकाऊ माणसालाही हे पहिल्या महिन्यात कळतं. त्यानं पत्रा कापून ठेवला होता, चिमट्यात धरलाही होता, आणि नेमका त्याच वेळी वर्कशॉपचा फोन वाजला. फोन पॉलिशवाल्याने घेतला आणि खो खो हसत सगळ्यांना ऐकू जाईल असं सांगितलं, "तुमचे वडील आहेत. आरोपीला हजर करा म्हणतात!" सगळे हसले. मालकसुद्धा काचेपलीकडे हसले. त्याचे कान तापले, फोन घेऊन तो दोनदा 'हो' म्हणाला, परत येऊन साच्यात मेण ओतलं, आणि तो पत्रा संध्याकाळी झाडताना टेबलाखाली सापडला. चूक खरीच चूक होती. एवढं तरी त्याच्या बाजूने बोलायला जागा आहे; पुढच्यासाठी नाही.

नानांनी बत्तीस वर्षं कोर्टात पुकारा केला होता. फिर्यादी, आरोपी, साक्षीदार, ज्याची वेळ येईल त्याचं नाव दारात उभं राहून तीनदा पुकारायचं, असं की आवाराबाहेर चहा पिणाऱ्याच्या हातातला कप हलावा. न्यायाधीश बदलले, वकील म्हातारे झाले, नानांचा आवाज होता तसाच राहिला. कोर्टात त्यांना फक्त नावं पुकारायची मुभा होती, गुन्हे नाही. ती हौस ते घरी भागवत. मुलाचं नाव त्यांनी घेतल्याचं त्याला एकदाच आठवतं. एरवी तो 'आरोपी' होता. नऊ वर्षांचा असताना एका सकाळी त्याचं अंथरूण ओलं निघालं, तेव्हा नानांनी ती चादर गॅलरीच्या कठड्यावर टाकली आणि समोरच्या इमारतीकडे तोंड करून, नाव, इयत्ता आणि गुन्हा, तीनदा, सावकाश, एकेक अक्षर सुटं करून पुकारला. खाली शाळेची बस उभी होती. स्वयंपाकघरात आईने नळ मोठा सोडला. आई असंच करायची, नळ मोठा सोडायची. मेली त्या दिवशी घरात पहिल्यांदा नळ बंद होता असं त्याला उगाचच वाटलं होतं. पुढे तो कवळ्यांच्या धंद्यात शिरला याचंही नानांना कोण अप्रूप! पाहुण्यांना सांगायचे, "आमचा आरोपी दुसऱ्यांच्या तोंडाचं बघतो. स्वतःच्या तोंडातून शब्द फुटेल तर शपथ." पाहुणे त्याच्याकडे बघून हसत, आणि तोही हसे, हसलं की लवकर संपतं, हे त्याला लहानपणीच कळलं होतं. लग्न झालं, घरात सून आली, आणि नानांच्या कोर्टात आरोपी दोन झाले. पाचव्या महिन्यात तिचं पोटातलं मूल गेलं, त्यानंतर ती 'रिकामी सूनबाई' झाली. "रिकाम्या सूनबाई, रिकामा ग्लास घेऊन जा." जिभेला हाड नसतं म्हणतात. नानांच्या जिभेला ते असावं, आणि धारही.

मग नानांचे उरलेसुरले नऊ दात काढावे लागले, हिरड्या भरून यायला दोन महिने गेले, आणि त्याने केलेली कवळी नानांच्या तोंडात बसली. आरशासमोर नाना एकदा इकडून एकदा तिकडून वळले. "सूनबाई," म्हणून त्यांनी तोंड उघडलं, आणि पुढचा शब्द आलाच नाही. उजवा डोळा बारीक झाला, हात गालावर गेला. टोचलं होतं. त्याला तेव्हाच कळलं होतं, कुठे आणि का. उद्या घासून आणू असं त्याच्या अगदी ओठांवर आलं होतं, आणि तेवढ्यात बायको स्वयंपाकघरात काहीतरी गुणगुणत गेली. लग्नाच्या अकरा वर्षांत तिला या घरात गुणगुणताना त्याने ऐकलं नव्हतं. तो म्हणाला, "हिरड्या कोवळ्या आहेत नाना. रुळतील." उद्याचा परवा झाला. कवळी घातली की टोचायची, काढली की शब्दांचा चिखल व्हायचा. आणि बत्तीस वर्षं एकेक अक्षर तासून बाहेर सोडलेला माणूस असलं बोबडं बोलायला तयार नव्हता. नाना जेवणापुरती कवळी घालत, डोळ्यांत पाणी येईपर्यंत चावत, आणि उरलेला दिवस मूग गिळून बसत. हूं आणि उंहूं, बस्स. घर इतकं शांत झालं, की भिंतीवरचं घड्याळ मोठ्याने चालतं हे दोघा नवराबायकोला पहिल्यांदाच समजलं.

आणि सकाळची ती दहा मिनिटं. डॉक्टरीणबाईंच्या दवाखान्यात 'हिरड्यांची घरगुती काळजी' असं एक छापील पत्रक मिळायचं, ते त्याने आणून कपाटाच्या दाराला आतून चिकटवलं होतं आणि त्यातलं अक्षरन् अक्षर तो पाळत होता. ग्लासभर कोमट पाण्यात अर्धा चमचा मीठ. पाणी आधी आपल्या मनगटावर टाकून बघायचं. नानांनी गुळणी तोंडात धरायची, त्याने मनातल्या मनात तीस आकडे मोजायचे, मग वाडगं पुढे करायचं. उकळून निववलेल्या पाण्यात मऊ सुती कापड भिजवून तर्जनीला गुंडाळायचं आणि मागून पुढे, जोर न लावता, लहान लहान गोल फिरवत हिरड्या पुसायच्या. फार सुजलं असेल तर बर्फाचा खडा फडक्यात बांधून बाहेरून गालाला. लवंगेचं तेल नाही, त्याने कोवळी कातडी भाजते. तिखट नाही, फार गरम नाही. मऊ भात, कुस्करलेलं केळं, गार दूध. नाना खुर्चीत मान मागे टाकून बसत, डोळे मिटत, तोंड उघडत. आतून हे तोंड इतकं लहान असेल असं त्याला कधी वाटलं नव्हतं. गुलाबी, ओलं, तान्ह्या मुलाचं असावं तसं. फक्त उजवीकडे तो लाल चट्टा, त्याच्याच चुकीच्या आकाराचा. तिथे बोट आलं की नानांचा सगळा देह आखडायचा आणि त्यांचा हात नकळत त्याचं मनगट धरायचा. घट्ट. याआधी नानांनी त्याचं मनगट फक्त ओढून नेण्यासाठी धरलं होतं. बोट आणखी हलकं करत तो म्हणे, "झालं, झालं," आणि नाना मान हलवत. एकदा तर पुसून झाल्यावर त्यांनी त्याच्या गालावर दोन बोटं टेकवली. तो दिवसभर वर्कशॉपमध्ये त्या गालाला हात लावत राहिला. असल्या प्रेमाची त्याला लाज वाटायला हवी होती. ती वाटतही होती. पण उपाशी माणूस ताट कुणाचं ते विचारत नाही.

बायको त्याला श्रावणबाळ म्हणायची, आणि तिच्या म्हणण्यात थट्टा अजिबात नसायची, हीच पंचाईत होती. ती औषधाच्या कारखान्यात सरकत्या पट्ट्यावरून जाणारी गोळ्यांची पाकिटं तपासायची. पहाटे जायची, दुपारी दोनला परत. नानांच्या जिभेने तिचं काय काय सोललं होतं ते सगळं ती विसरून गेली होती, किंवा तिने विसरायचं ठरवलं होतं. दुपारी ती नानांपाशी बसून भाजी निवडायची आणि बोलायची. आधी कारखान्यातलं, मग माहेरचं, मग कुणालाच न सांगितलेलं. एकदा तो लवकर घरी आला तेव्हा ती रडत होती आणि नाना शांतपणे तिच्याकडे बघत होते. "काही नाही हो," ती डोळे पुसत म्हणाली, "नानांजवळ बोललं की हलकं वाटतं. किती नीट ऐकतात!" त्याला तेव्हा नानांचे डोळे दिसले होते. पुकाऱ्याआधी यादी वाचणाऱ्या माणसाचे डोळे असतात तसे ते होते. पण त्याने तिकडे लक्ष दिलं नाही. घरात इतकं बरं चाललेलं असताना कोण लक्ष देतो!

म्हातारीची कवळी दुरुस्त झाली त्याच दुपारी बायकोचा फोन आला. "अहो, ते पत्रक आज मी पुरतं वाचलं. शेवटी लिहिलंय, पंधरा दिवसांत आराम न पडल्यास दाखवावे. आपले आठ महिने झाले! मी डॉक्टरीणबाईंकडे उद्या चारची वेळ घेतली. तुम्ही रागवू नका हं. आत्ता नाना पाव चावताना रडले. मला नाही बघवत."

त्याच्या तोंडचं पाणी पळालं. डॉक्टरीणबाई नानांचं तोंड उघडतील, तो चट्टा बघतील, कवळी उलटी करून अंगठा फिरवतील, आणि जांभळी पेन्सिल हातात घ्यायच्याही आधी त्यांना कळेल, की एकोणीस वर्षं हे काम करणाऱ्या माणसाला हे कळलं नाही असं होऊच शकत नाही. मग त्या बायकोकडे बघतील. पॉलिशवाल्याने पापाचं नाव काढलं तेव्हा ज्यामुळे यंत्र बंद करायचं राहिलं, ते पाप नव्हतं, ती भीतीच होती. पापाचा पोशाख तिला बरा दिसतो एवढंच. तरी त्या संध्याकाळी घरी येऊन नानांच्या हिरड्या पुन्हा एकदा पुसताना त्याला खरोखरीचं वाईट वाटलं. नानांनी मनगट धरलं, आणि त्याला वाटलं, आपण या हाताच्या बदल्यात या माणसाचं जेवण हिरावून घेतलंय. कवळी त्याने रुमालात गुंडाळून खिशात टाकली. दुसऱ्या दिवशी वर्कशॉप उघडल्या उघडल्या यंत्र सुरू केलं. उंचवटा गेला. दोन मिनिटंसुद्धा लागली नाहीत. दुपारी अर्धी सुट्टी टाकून तो घरी निघाला तेव्हा त्याच्या पायांत असा उत्साह होता, की वाटेत एका अनोळखी माणसाला त्याने आपण होऊन रस्ता सांगितला.

बायको नुकतीच आली होती. वरच्या मजल्यावरच्या शिवणवाल्या बाई तिचा ब्लाऊज द्यायला येऊन दारातच गप्पा मारत थांबल्या होत्या. त्याने कवळी धुऊन नानांच्या तोंडात बसवली. नानांनी सवयीने उजवा डोळा बारीक केला, आणि वाट बघितली. काही झालं नाही. त्यांनी जबडा मिटला, उघडला, डावीकडे नेला, उजवीकडे नेला. पावाचा कडक तुकडा उचलून चावला. कुरकुर आवाज खोलीभर ऐकू आला. "दुखत नाही ना नाना?" बायको पुढे वाकून म्हणाली. तिचे डोळे भरून आले होते. "अहो, काय केलंत काय तुम्ही?" त्या क्षणी तो इतका सुखात होता, की त्याला भान राहिलं नाही. "अगं काही नाही, जरासा उंचवटा होता. दोन मिनिटांचं काम."

नानांनी घास गिळला. जीभ दातांवरून फिरवली. आणि आठ महिन्यांनी त्यांचा आवाज बाहेर आला, स्वच्छ, भरदार, एकेक अक्षर सुटं. "आरोपी, तुझं पोर कसं गेलं, माहीत आहे का तुला?" बोट सुनेकडे वळलं. "ही सांगणार नाही. मला सांगितलंय. रक्त जायला लागलं सकाळी दहाला. ही उठली नाही. साहेब ओरडेल म्हणून दोन तास पट्ट्यापुढे बसून राहिली. गोळ्या मोजत. दोन तास!" मग मान किंचित वळवून त्यांनी दारातल्या बाईंनाही त्यात घेतलं. "रिकामी कशी झाली, विचारत होतात ना सगळे? ऐका. दोन तास." आणि पावाचा दुसरा तुकडा उचलला.

शिवणवाल्या बाई ब्लाऊज खुर्चीवर ठेवून निघून गेल्या. बायको उभी होती तिथेच उभी राहिली. तिच्या चेहऱ्यावर राग नव्हता, रडू नव्हतं, काहीच नव्हतं; कुणी दिवा काढून नेल्यावर खोली उरते तशी ती दिसत होती. त्याला तिच्याजवळ जायचं होतं. जायला हवं होतं. पण त्याच्या डोक्यात ते दोन तासच फिरायला लागले होते, सकाळी दहा ते बारा, आणि त्या दोन तासांत आपण कुठली कवळी करत होतो ते तो आठवत होता. आणि हेही खरं, की तेवढा एक क्षण त्याने बायकोकडे नानांच्याच डोळ्यांनी पाहिलं. तिने ते बघितलं. ती स्वयंपाकघरात गेली. थोड्या वेळाने तोही गेला.

"दोन मिनिटांचं काम होतं म्हणालात," ती ओट्याकडे तोंड करून म्हणाली.

त्याचा हात खिशातल्या रिकाम्या रुमालाकडे गेला.

"तुम्हाला आधीपासून माहीत होतं?"

"हो."

"पहिल्या दिवसापासून?"

"हो. पत्रा लावायचा राहिला होता. नंतर... घर शांत झालं. तू गुणगुणायला लागलीस."

हे सांगितल्यावर ती आपल्याला माणसांतून उठवेल अशी त्याची अपेक्षा होती. शिव्या देईल, माहेरी जाईल, निदान थुंकेल. आठ महिने ती त्याला श्रावणबाळ म्हणत होती. तेवढ्याचे तरी तिने वाभाडे काढायला हवे होते, आणि त्याला ते हवेही होते. बाहेरून नानांचा आवाज आला, "सूनबाई, चहा!" शब्द अगदी खणखणीत. तिने फोन उचलला, नंबर लावला. "डॉक्टरीणबाई आहेत का? चारची वेळ होती आमची. नाही, नको आता. आराम पडलाय." फोन ठेवला, चहाचं आधण ठेवलं, आणि त्याच आवाजात, साखर संपलीय सांगावं तसं, ती म्हणाली, "उद्या परत होती तशी करून आणा. आणि जरा जास्त."

आपलेच दात, आपलेच ओठ, हे त्याने आजवर शेकडो वेळा ऐकलं होतं. दुसऱ्या दिवशी वर्कशॉपमध्ये त्याने भुकटीत द्रव कालवला, उजव्या कडेवर नखाएवढा थर दिला, तो घट्ट होईपर्यंत बघत बसला. 'जरा जास्त' म्हणजे किती, हे त्याने तिला विचारलं नव्हतं. हाताने आपलं आपण ठरवलं. पॉलिशवाल्याने विचारलं, "कुणाची?" तो म्हणाला, "घरची." त्या रात्री नाना अर्धं ताट टाकून उठले. त्यांना काय झालं ते कळलं नाही. त्यांनी आधी मुलाकडे पाहिलं, मग सुनेकडे, आणि ती म्हणाली, "एकदम जास्त चावलंत ना काल. मी सांगत होते सावकाश घ्या." गॅलरीत पुकारा करणाऱ्या त्या माणसाने अपराध्यासारखी मान खाली घातली.

सकाळी तो कपाटातून कापड काढायला गेला तर कापड तिथे नव्हतं. रविवार होता, तिला कारखाना नव्हता. पण वर्कशॉप रविवारीही अर्धा दिवस चालायचं. नाना खुर्चीत बसले होते, डोळे मिटून, तोंड उघडून, आणि बायको त्यांच्यावर वाकली होती. तिने पाणी मनगटावर टाकून पाहिलं होतं, मीठ नीट विरघळवलं होतं, बोटाला कापड गुंडाळलं होतं. आठ महिने ती दर रविवारी दारातून बघत आलीच होती. चट्टा कालच्यापेक्षा मोठा दिसत होता, त्याच्यातून रक्ताचा बारीक धागा निघाला होता. ती त्याच्या कडेकडेने बोट फिरवत होती, न चुकता, न घाई करता. नानांचा देह आखडला, हात वर आला, चाचपडला, आणि त्या हाताने तिचं मनगट धरलं.

"मी करतो," तो म्हणाला.

"तुम्ही जा. उशीर होईल." तिने वर पाहिलं नाही.

तो गेला नाही. त्याला तिथे उभं राहायचं होतं, कारण आता नाना त्याच्या गालावर टेकवली होती तशी बोटं कुणाच्या गालावर टेकवतात ते बघितल्याशिवाय त्याचा पाय निघत नव्हता. बोटं वर आली नाहीत. त्यापेक्षा वाईट झालं. नानांनी डोळे उघडले, पाण्याने भरलेले, आणि ज्याला बोबडं बोलण्याची आठ महिने लाज वाटली होती तो माणूस, दातांशिवाय, हिरड्यांवर शब्द घासत म्हणाला, "पोली... हात हलका गं तुझा."

पोरी. अकरा वर्षांत पहिल्यांदा. बायकोचं बोट क्षणभर थांबलं. मग तिने कापडाची दुसरी, कोरडी बाजू वर आणली, बोट पुन्हा त्या चट्ट्यापाशी नेलं, आणि थोडंसं दाबलं. नाना कण्हले आणि त्यांनी तिचं मनगट आणखी घट्ट धरलं. "झालं, झालं," ती म्हणाली. तिच्या आवाजात खरीखुरी माया होती. तीच त्याला ऐकवेना. चपला घालताना त्याला कळलं, की त्याच्या आयुष्यातली ती दहा मिनिटंही आता त्याची राहिली नाहीत, आणि त्याने ज्या बाईला वाचवायचं म्हणून हे सगळं केलं असं तो स्वतःला सांगत आला होता, ती बाईही राहिली नाही.

"दार लावून घ्या," ती आतून म्हणाली. "वारं लागतं त्यांना."

त्याने दार लावून घेतलं.